शोधणावळ

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. पाने सळसळतात, ओढा खळखळतो, बांगड्या किणकिणतात, दार करकरते, घशात खरखर होते आणि छातीत घरघर. मी शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हा ध्वनिदर्शक शब्दांच्या याद्या मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेत असे. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न हमखास असायचा. मुलांना वाटायचे, बाईंचा हा गुणांपुरताच खटाटोप. पण हे शब्द नुसते भाषेचे दागिने नाहीत, ती हत्यारे आहेत, याचा पडताळा मला सत्तरी ओलांडल्यावर आला, तोही एका गॅरेजमध्ये. आमच्या गाडीच्या स्पीकरमुळे.

आमची गाडी नऊ वर्षांची आहे. सून चालवते, मी तिच्या शेजारी, म्हणजे डावीकडे बसते. सातारा-पुणे अशा आमच्या महिन्यातून दोन खेपा तरी होतात. वाटेत भीमसेनजींचे अभंग लावायचे हा शिरस्ता. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता असे झाले, की पखवाजाची डावी बाजू घुमली रे घुमली, माझ्या पायाजवळून पतंगाचा कागद वाऱ्यावर थरथरावा तसा फर्रर आवाज येऊ लागला. गायन चालू असताना येई, ठेका थांबला की थांबे. बातम्या लावल्या तर जाड्या आवाजाच्या निवेदकाला साथ करी, निवेदिका आली की गप्प बसे. खंबाटकीच्या बोगद्यात काचा वर केल्या की तर तो आवाज गाण्यापेक्षा मोठा वाटे. असा आवाज एकदा कानात बसला, की मग दुसरे काही ऐकू येत नाही. गाणे बाजूला राहते आणि आपण त्या फर्ररचीच वाट पाहत बसतो.

गाड्यांना सजावटीचे सामान बसवून देणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. तिथल्या तरुणाने खिडकीतून डोके आत घातले, फार तर दहा सेकंद ऐकले आणि निकाल दिला, "काकू, स्पीकर गेलाय. एक बदलून नाही जमणार, जोडीच टाकावी लागेल. चार टाकले तर डिस्काउंट देतो." जोडीचे साडेचार हजार. आवाज कधीपासून येतो, कधी येतो, कधी येत नाही, हे काही त्याने विचारले नाही. सून म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू.

त्याच महिन्यात गाडीच्या दिव्याच्या कामासाठी आम्ही माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलो. आयटीआय करून तो गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो. महामार्गालगत पत्र्याचे एक शेड, तेच त्याचे गॅरेज. दिव्याचे काम झाल्यावर सहज स्पीकरची गोष्ट निघाली. त्याने विचारले, "बाई, आवाज कसा येतो?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे खरखर, भुणभुण, शिट्टीसारखा, का फरफर? आणि इंजिन बंद असतानाही येतो का?"

मला अतिशय आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझी यादी कुणाच्या तरी कामाला आली होती.

त्याने जे सांगितले ते असे. गाडीतल्या स्पीकरमधून येणाऱ्या नको त्या आवाजांची घराणी ठरलेली आहेत. इंजिनाचा वेग वाढवला की ज्याचा सूर चढत जातो, वेग उतरला की जो उतरतो, तो शिट्टीसारखा आवाज अल्टरनेटरकडून येतो. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे वीजनिर्मितीचे यंत्र. ते मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार करते आणि डायोड नावाचे पुर्जे तिला एका दिशेने वळवतात. ते वळवणे पूर्ण सपाट होत नाही, वर थोड्या लाटा राहतात. एखादा डायोड बिघडला किंवा अर्थिंग सैल झाले, की त्या लाटा गाण्यात शिरतात. इंजिन थांबवून किल्ली नुसत्या ॲक्सेसरीवर ठेवली आणि आवाज गेला, तर गुन्हेगार स्पीकर नव्हे, हे तिथेच ठरते.

खरखर येत असेल आणि दार उघडताना-मिटताना ती कमी-जास्त होत असेल, तर दाराच्या बिजागरीपाशी वाकणारी वायर पाहावी. वर्षानुवर्षे वाकून ती आतून तुटते. मोबाइल चार्जरला लावून केबलने गाणी ऐकताना बारीक भुणभुण येत असेल, तर आधी चार्जर काढून पाहावा. स्वस्तातल्या चार्जरमधून आणि एकाच उपकरणाला दोन वाटांनी मिळालेल्या अर्थिंगमधून ती भुणभुण जन्मते. पूर्वी फोन येण्याच्या क्षणभर आधी स्पीकरमध्ये टिर्रटिर्र होत असे, ते जुन्या पद्धतीच्या मोबाइलचे काम. त्यात स्पीकरचा काडीचा दोष नसे.

आमचा आवाज यांतला कुठलाच नव्हता. इंजिन बंद केले तरी तो होताच. तेव्हा त्याने बॅलन्सचे बटण पूर्ण डावीकडे आणि फेडर पूर्ण पुढे नेले. चारांपैकी एकच स्पीकर वाजू लागला, माझ्या दाराचा. आवाज तिथेच होता. मग त्याने दाराचा खण रिकामा करायला सांगितला. टोलच्या पावत्या, सुटी नाणी, पाण्याची बाटली, चष्म्याचे घर असा माझाच संसार निघाला. आवाज कायम. दाराच्या आतल्या आवरणावर त्याने तळहात दाबून धरला. आवाज थोडा मंदावला, पण गेला नाही. "म्हणजे आतमध्ये काहीतरी आहे," तो म्हणाला.

पुढची युक्ती मला सर्वांत आवडली. त्याच्या मोबाइलमध्ये एकच शुद्ध सूर काढणारे ॲप होते. तीस हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला तीस कंपनांपासून, तो सूर हळूहळू चढवत नेला. साठपर्यंत काही नाही. सत्तरच्या पुढे कुजबुज सुरू झाली, नव्वदच्या आसपास तो फर्रर अगदी रंगात आला, आणि एकशेवीसच्या वर गेल्यावर साफ नाहीसा झाला. प्रत्येक वस्तूचा आपला एक आवडता सूर असतो, तो कानी पडला की ती थरथरू लागते, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले होते. इथे ते डोळ्यांदेखत घडत होते.

नंतर आवरण काढून, चार स्क्रू सोडवून त्याने स्पीकर बाहेर घेतला. स्पीकर ही मोठी साधी गोष्ट आहे. एक चुंबक, त्याच्या बारीक फटीत तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. वीज वाहिली की वेटोळे मागेपुढे होते, शंकू हवा ढकलतो आणि भीमसेनजी गाऊ लागतात. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली जी रचना मांडली, तीच थोड्याफार फरकाने आजच्या गाडीच्या दारात बसलेली आहे. खर्जातले सूर त्या शंकूला फार राबवतात. सूर एक सप्तक खाली आला, तर तेवढाच आवाज काढायला त्याला चौपट हलावे लागते. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून तिचा सूर खाली आणतात. आमची तक्रार नेमकी त्या बाजूपाशी का होती, याचे उत्तर या हिशेबात होते.

त्याने दोन्ही अंगठ्यांनी तो शंकू अलगद आत दाबला. वेटोळे घासत असते तर बोटांना खरखर लागली असती. लागली नाही. कडेची रबरी झालर धड होती. मीटर लावला तर साडेतीन ओहम. चार ओहमच्या स्पीकरला तेवढे असायचेच. मग वायर जोडून, स्पीकर हातात धरून त्याने तोच नव्वदचा सूर वाजवला. स्पीकर स्वच्छ बोलला, नुसता थोडा बारीक वाटला. म्हणजे ज्याला गेलेला ठरवले होते, तो ठणठणीत होता.

दोष दारात होता. गाडीच्या दारात पावसाचे पाणी काचेवरून आत उतरते आणि खालच्या भोकांतून बाहेर जाते. ते बसणाऱ्याच्या बाजूला येऊ नये म्हणून पत्र्यावर प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. जुलैत आमच्या काचेचे मशीन दुरुस्त केले होते, तेव्हा कुणीतरी तो पडदा फाडून काढला होता आणि परत लावताना घाईघाईत नुसता टेकवला होता. त्याची सुटलेली एक जीभ स्पीकरच्या तोंडावर लोंबत होती. शंकू जोराने हलला की हवेच्या झोताने ती फडफडे. लहानपणी आपण कंगव्याला पातळ कागद लावून पिपाणी वाजवत असू, तोच प्रकार. त्याने जुना चिकटा पुसला, काळी चिकट पट्टी फिरवून पडदा नीट बसवला, आवरणाची एक तुटलेली क्लिप बदलली आणि दार मिटले. पखवाज पखवाजासारखा वाजू लागला.

एक गंमत इथेच सांगून टाकते. हा असाच झणत्कार आपण तंबोऱ्यात मुद्दाम आणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला हलकेच स्पर्श करत राहते आणि सूर भरून येतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या या करामतीवर लिहिले होते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे जवारी लावणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या कानांची पुण्याई आहे. दोऱ्याची जागा केसभर सरकली की सूर बिघडतो, आणि ती जागा कुठल्या यंत्राने नव्हे तर कानाने शोधायची असते. म्हणजे शोधणे ही आपल्याकडे परकी विद्या नाही. तिची किंमत ठेवण्याचे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

या सगळ्याला पाऊण तास लागला. त्यातली दुरुस्ती म्हणाल तर दहा मिनिटांची, बाकी सगळा शोध. मी पैसे विचारले, तर तो संकोचून म्हणाला, "बाई, काय घेऊ? क्लिपचे वीस रुपये द्या." बराच आग्रह केल्यावर दोनशे घेतले. घरी आल्यावर शेजारच्या गृहस्थांना ही हकिकत सांगितली. ते म्हणाले, "नुसते प्लास्टिक चिकटवायचे दोनशे? बरेच घेतले की!" गंमत अशी, की आम्ही साडेचार हजारांची जोडी घालून आलो असतो, तर त्यांनी चकार शब्द काढला नसता. उलट कंपनी कुठली म्हणून चौकशी केली असती.

माझे म्हणणे आहे ते इथे. ती नवी जोडी त्याच दारात, त्याच लोंबत्या जिभेमागे बसली असती आणि पखवाज तसाच फरफरला असता. मग त्या दुकानाने स्टिरिओवर बोट ठेवले असते, मग ॲम्प्लिफायरवर. प्रत्येक वेळी आम्ही पैसे दिले असते, कारण प्रत्येक वेळी हातात एक वस्तू पडली असती, खोक्यात घातलेली, पावतीसकट. वस्तू दिसते, शोध दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायला आपला हात खिशाकडे जात नाही.

असे आपण सगळीकडेच वागतो असेही नाही. सोनाराला आपण घडणावळ देतो. ती सोन्याच्या भावावेगळी असते, पावतीवर तिची वेगळी ओळ असते आणि ती कुणाला खटकत नाही. शिंप्याला कापडाखेरीज शिलाई देतो. गिरणीत आपलेच गहू नेऊन दळणावळ देतो. हाताच्या कसबाला आपल्या भाषेने कधीपासून नाव दिलेले आहे, म्हणून त्याचा हिशेब होऊ शकला. दोष शोधून काढण्याच्या कसबाला मात्र नाव नाही. तेव्हा मराठीची शिक्षिका या नात्याने मी एक शब्द सुचवते, शोधणावळ. पावतीवर जशी घडणावळीची ओळ असते, तशी शोधणावळीची ओळ असावी. "सामान वीस रुपये, शोधणावळ तीनशे रुपये." आणि ती वाचून आपण घासाघीस करू नये.

दुकानातल्या त्या तरुणावर माझा राग नाही. त्याचा पगार विकलेल्या मालावर वाढत असेल, शोधात घालवलेल्या पाऊण तासावर नाही. दार उघडून आवरणाची क्लिप तुटली तर गिऱ्हाईक त्यालाच बोलणार. बदललेल्या स्पीकरला कंपनीची गॅरंटी असते, चिकटवलेल्या पडद्याला कुणाची? शिवाय गिऱ्हाईक बाहेर उभे राहून घड्याळ पाहत असते. अशा सगळ्या हिशेबात "बदलून टाका" हेच शहाणपणाचे उत्तर ठरते. तो तसा वागतो कारण आपण त्याला तसे वागायचे पैसे देतो. माझा विद्यार्थी शोधतो तो केवळ स्वभावाने. पण स्वभावावर घर चालत नाही. त्याच्या हाताखाली दोन मुले आहेत. शोधण्यात कमाई नाही आणि बदलण्यात आहे, हे त्यांच्या एकदा ध्यानात आले, की ती कशाला शिकतील? मग एक दिवस असा येईल, की शोधणावळ द्यायला आपण तयार असू आणि घ्यायला कोणी उरलेले नसेल.

बदलणे मुळात वाईट नव्हे. उन्हाने झालर फाटते, दारात पाणी शिरून शंकू फुगतो, वेटोळे जळते, तेव्हा स्पीकर बदलावाच. न शोधता बदलणे वाईट. त्यात पैसा जातो, चांगली वस्तू भंगारात जाते, आणि कधी कधी खरा दोष आतच राहतो. सैल अर्थिंगची शिट्टी फिल्टर लावून झाकता येते. गाणे स्वच्छ होते, पण सैल झालेले अर्थिंग तसेच असते आणि पुढे दिव्यांना, बॅटरीला त्रास देते. आवाज मोठा करून कुरकुर बुडवणारेही पुष्कळ आहेत. कुरकुर ही तक्रार असते, आणि तक्रार करणाऱ्याला गप्प केल्याने तिचे कारण मिटत नाही.

सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, असा त्यामागचा हेतू आहे. हेतू चांगला आहे. पण पुस्तिका मिळाली, भाग मिळाला, तरी कुठला भाग हवा हे सांगणारा माणूस लागतोच. हक्काचा तो अर्धा भाग कायद्याने मिळणार नाही, तो आपल्या खिशातून आणि आपल्या धीरातून येईल.

शाळेतही हेच पाहत आले. चुकलेल्या उत्तरावर काट मारून फळ्यावरचे बरोबर उत्तर उतरवून घ्यायला लावणे सोपे. एका तासात साठ वह्या होतात. तो मुलगा कुठल्या पायरीवर घसरला ते शोधायला त्याच्याशेजारी बसावे लागते. पहिले काम तपासणीत दिसते, दुसरे दिसत नाही. तरी वर्गातली मुले पुढे जातात ती दुसऱ्या कामामुळे.

तेव्हा वाचकहो, गाडीत, पंख्यात, मिक्सरमध्ये नको तो आवाज आला, तर दुरुस्तीला नेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. आवाज कसा आहे, तो नेमक्या मराठी शब्दात. कधी येतो. आणि कधी येत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण आवाज येत नाही तिथेच शोधणाऱ्याला वाट सापडते. समोरच्याने तो कागद वाचून आणखी एखादा प्रश्न विचारला, तर माणूस योग्य आहे असे समजा. त्याला एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहू द्या, वेळ द्या, चहा विचारा. आणि काम झाल्यावर हातात नवी वस्तू पडली नाही, तरी त्याची शोधणावळ रोख द्या, कुरकुर न करता.